एका प्लास्टिकच्या यंत्रमानवाची तपासणी

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी भेटायला आला. तो पुण्याला प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कामानिमित्त जपानला जाऊन आला होता आणि येताना माझ्यासाठी तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला. डब्यावर एका पांढऱ्या यंत्रमानवाचं चित्र, जपानी अक्षरं आणि कोपऱ्यात १/१४४ हा आकडा.

‘‘सर, हा १९८० सालचा नमुना आहे. जोडायचा संच. आमच्या धंद्यात याला फार मान आहे,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘तो काड्यांचा रोबो आठवतो का तुम्हाला? प्रदर्शनातला?’’

आठवत होता. चांगलाच आठवत होता. पण त्याबद्दल पुढे.

डबा उघडण्याआधीच पेच पडला. असे जुने संच जमवणारे लोक जगभर आहेत, आणि न जोडलेल्या, न उघडलेल्या डब्याला त्यांच्यात जास्त किंमत मिळते. जोडला की तो एक साधं खेळणं होतो. कपाटात ठेवावा की जोडावा? मी जूनपर्यंत तो कपाटात ठेवला. शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या मुलांसमोर काढला, आणि डबा दिसल्याबरोबर जे प्रश्न सुरू झाले त्यांनी निकाल लावला. मात्र जोडण्याआधी आठवडाभर फक्त बघायचं, हात लावायचा पण काही तोडायचं नाही, असं ठरलं.

डब्यात काय होतं? पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी. चौकटीच्या आतल्या बाजूला बारीक देठांनी धरलेले भाग: अर्धं डोकं, अर्धी मांडी, अर्धा दंड, ढाल. एक घडीचा कागद, त्यावर आकृत्या आणि जपानी मजकूर. संचासोबत येणारा गोंद मात्र केव्हाच वाळून गेला होता. मुलांनी आधी भाग मोजले आणि कागदावरच्या क्रमांकांशी ताडून पाहिले. सगळे होते. जुन्या संचाची तपासणी इथूनच सुरू होते. एक गुडघा कमी असेल तर पुढचं सगळंच लंगडं.

साच्याच्या खुणा

‘‘सर, सगळं अर्धंच का दिलं?’’ हा पहिला प्रश्न. उत्तर मी दिलं नाही. एका मुलीने दिलं. तिच्या घरी गणपती बनवतात. ती म्हणाली, ‘‘साचा दोन तुकड्यांचा असतो सर. मूर्तीच्या कानामागे रेघ राहते, ती आम्ही घासतो.’’

तीच रेघ इथेही होती. प्लास्टिकचे दाणे साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पातळ करायचे, पोलादी साच्यात प्रचंड दाबाने सोडायचे, साचा थंड पाण्याने निववायचा, उघडायचा, वस्तू ढकलून बाहेर काढायची. मग पुन्हा साचा बंद. यातली प्रत्येक पायरी वस्तूवर आपली सही करून जाते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे रेघ. प्लास्टिक जिथून आत शिरलं तिथे देठ. ज्या खिळ्यांनी वस्तू बाहेर ढकलली त्यांच्या गोल खुणा आतल्या बाजूला. भिंत जिथे जाड आहे तिथे प्लास्टिक निवताना जास्त आकसतं आणि वर किंचित खळगा पडतो. साचा झिजलेला असेल तर फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन पापुद्रा तयार होतो.

आणि साचा सरळ रेषेत उघडतो, त्यामुळे आत वळलेला, अडकणारा कोणताही आकार त्यात जमत नाही. पोकळ मांडी एका तुकड्यात निघणं शक्य नाही; ती दोन टरफलांत करावी लागते. ही गोष्ट कळल्यावर मुलं वर्गातल्या बादल्या, डबे, पट्ट्या, पेनांची टोपणं उलटीसुलटी करून रेघा शोधू लागली. दोन दिवस दुसरं काही शिकवता आलं नाही.

हे तंत्र वाटतं तेवढं नवं नाही. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात आणि त्याचा भाऊ यांनी १८७२ साली तापवलेलं सेल्युलॉइड दट्ट्याने साच्यात ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे करत, त्याला पर्याय शोधण्यातून हयात सेल्युलॉइडकडे वळला होता. पण सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. खेळण्यांसाठी चांगलं आणि स्वस्त प्लास्टिक मिळायला आणखी सत्तर वर्षं जावी लागली.

पेंग्विन, ट्रॅक्टर आणि जहाज

जोडायच्या प्लास्टिक संचांचा इतिहास विमानांपासून सुरू होतो. इंग्लंडमधल्या ‘फ्रॉग’ या कंपनीची उडणारी खेळण्यातली विमानं प्रसिद्ध होती. १९३६ साली तिने न उडणारी, फक्त जोडून मांडून ठेवायची विमानं काढली. न उडणारी म्हणून नाव ‘पेंग्विन’. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि त्यांचं प्रमाण होतं १/७२. हा आकडा कुठून आला? सहा फुटांना एक इंच, म्हणजे ७२ इंचांना एक इंच. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा. आमच्या डब्यावरचा १/१४४ हा त्याचाच निम्मा: बारा फुटांना एक इंच. जपानी माणसं मीटरमध्ये मोजतात, तरी इंग्रजी इंच असा त्यांच्या डब्यावर येऊन बसला. आमच्या गावात अजून कापड मीटरने आणि प्लॉट फुटाने मोजतात, तसंच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला नैसर्गिक रबर मिळेना, म्हणून कृत्रिम रबराचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यासाठी स्टायरीन नावाचं रसायन अफाट प्रमाणात तयार होऊ लागलं. युद्ध संपलं, पण कारखाने होते. त्या स्टायरीनपासून पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक स्वस्तात मिळू लागलं. कडक, बारीक नक्षी नीट उचलणारं आणि निवताना फार न आकसणारं. संचांना हवं तेच.

इंग्लंडमध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने १९३९ साली ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली होती. ती आधी हवा भरायची रबरी खेळणी करत असे. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी तिने ट्रॅक्टरची प्रतिकृती केली. ती जोडून देण्याचं काम इतकं किचकट निघालं की पुढे सुटे भागच विकायला काढले. कारखान्याला जोडणी परवडेना म्हणून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली, आणि गिऱ्हाईक खूश झालं! १९५२ साली आलेल्या ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाच्या स्वस्त संचाने या छंदाला घरोघर नेलं.

जपानमध्ये शिझुओका शहरात लाकडी प्रतिकृतींचा धंदा होता. अमेरिकेतून प्लास्टिकचे संच येऊ लागल्यावर लाकडाचे दिवस भरले. १९५८ साली ‘मारुसान’ कंपनीने ‘नॉटिलस’ या अणुपाणबुडीचा संच काढला. तो जपानमधल्या पहिल्या प्लास्टिक संचांपैकी मानला जातो. १९६० साली शिझुओकाच्या ‘तामिया’नेही ‘यामातो’ या युद्धनौकेपासून प्लास्टिकची सुरुवात केली. याच काळात ‘इमाई’ नावाच्या कंपनीने चित्रकथांमधल्या यंत्रमानवांचे संच काढले. ही कंपनी १९६९ साली बुडाली आणि तिचे साचे ‘बंदाई’ या खेळण्यांच्या कंपनीने विकत घेतले. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या धंद्यात खरी किंमत साच्याची असते, प्लास्टिकची नव्हे. पोलाद कोरून केलेला साचा महाग, त्यातून निघणारा तुकडा जवळजवळ फुकट. म्हणून कंपनी बुडते, साचा उरतो, आणि दुसऱ्या नावाच्या डब्यात तीच मांडी, तोच दंड पुन्हा बाजारात येतो.

वेठबिगार

यंत्रमानवाला ‘रोबो’ हे नाव कसं पडलं ते पुष्कळांना माहीत असतं, तरी सांगतो, कारण मराठीत ते फार नेमकं कळतं. झेक लेखक कारेल चापेकने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं. १९२१ च्या जानेवारीत ते प्राग शहरात रंगमंचावर आलं. त्यातल्या कृत्रिम कामकऱ्यांना काय म्हणावं हे त्याच्या भावाने, योसेफने सुचवलं. झेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करायचं काम. आपल्याकडे त्याला सरळ ‘वेठ’ म्हणतात. म्हणजे रोबो हा वेठबिगार. गंमत अशी की चापेकचे वेठबिगार पत्र्याचे नव्हतेच. ते हाडामांसासारख्या कृत्रिम द्रव्याचे होते. पत्रा, बोल्ट आणि डोक्यावरचा दिवा ही पुढची भर.

प्रत्यक्षातला पहिला कारखान्यातला यंत्रमानव तर माणसासारखा दिसतही नव्हता. ‘युनिमेट’ हा एक अवजड यांत्रिक हात. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामाला लागला. काम काय? साच्यातून निघालेले धातूचे गरम ओतीव भाग उचलून बाजूला ठेवायचं. साच्याजवळ होरपळणारं काम होतं ते, म्हणून यंत्राला दिलं. १९६९ मध्ये जपानमध्ये कावासाकी कंपनी परवान्याने युनिमेट बनवू लागली.

पण मुलांच्या मनातला यंत्रमानव असा एकहाती नसतो. माझ्या पिढीला तो दूरदर्शनवर भेटला. ऐंशीच्या दशकात ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका आपल्याकडे दाखवत असत. मूळ मालिका १९६७-६८ सालची, मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराच्या कल्पनेवरची. एक मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि इजिप्तच्या फारोसारख्या तोंडाचा प्रचंड रोबो उडत येतो. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता. ओसरीवर जागा मिळाली नाही तर खिडकीला लटकायचं, वीज गेली तर कंदील लावून गोष्ट आपणच पुरी करायची. त्या रोबोच्या आत माणूस आहे हे चालीवरून स्पष्ट दिसायचं. तरी शेवटी तो शत्रूला धरून आकाशात गेला आणि परत आला नाही, तेव्हा आमच्यापैकी दोघं-तिघं रडली होती. त्यात मी नव्हतो असं मी आजवर सांगत आलो आहे.

आमच्या डब्यातला यंत्रमानव मात्र वेगळ्या जातीचा. त्याचं नाव ‘गुंडाम’. १९७९ च्या एप्रिलपासून जपानी टीव्हीवर त्याची चित्रमालिका चालली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. यातला रोबो घड्याळाला उत्तर देणारा जादूचा राक्षस नव्हता. तो एक यंत्र होता, आत बसून चालवायचं, बिघडणारं, कारखान्यात क्रमांकाने बनणारं. मालिका सुरुवातीला पडली. ५२ भाग ठरले होते, ४३ वर १९८० च्या जानेवारीत गुंडाळली. पण पुनःप्रक्षेपणात ती मुलांनी उचलून धरली, आणि जुलै १९८० मध्ये बंदाईने ३०० येन किमतीचा हा १/१४४ संच काढला. विमानं-रणगाडे जोडणाऱ्या मुलांना पाहिजे होतं तसंच: ठरलेल्या प्रमाणातलं, एक यंत्र वाटणारं यंत्र. पुढची काही वर्षं जपानमध्ये दुकानांसमोर रांगा लागल्या. त्याच नमुन्याचे संच नंतरही पुन्हापुन्हा निघत राहिले.

संत्र्याची साल

जोडायला बसलो तर गोंद नाही. मुलांनी फेव्हिकॉल आणला. लावला, वाळला, आणि दोन्ही अर्धुकं सुटून हातात आली. मग कळलं की या प्लास्टिकला ‘चिकटवत’ नाहीत. त्याचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकमेकांत मिसळायचे असतात. द्रावक उडून गेलं की जोड उरतच नाही, एकच तुकडा होतो. वेल्डिंगच म्हणायचं, फक्त विस्तवाशिवाय.

विरघळवायचं कशाने? इथे एक सोपा प्रयोग आहे, जरूर करून पाहा. पॉलिस्टायरीन आपल्या ओळखीचं आहे. ते हवा भरून फुगवलं की त्याचा थर्मोकोल होतो. थर्मोकोलचा तुकडा घ्या आणि त्यावर ताज्या संत्र्याची साल पिळा. सालीतून जे तुषार उडतात ते जिथे पडतात तिथे थर्मोकोल बसतो, बारीक खड्डे पडतात. सालीच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीन विरघळवतं. हेच लिमोनीन वापरून केलेला गोंद जपानमध्ये संचांसाठी मिळतो. आपण तर संत्र्यांच्या मुलखाच्या शेजारी राहतो! अर्थात सालीच्या तुषारांनी मांडी जोडली गेली नाही. शेवटी रंगाच्या दुकानातला थिनर आणला. त्यात कापून टाकलेल्या चौकटीचे तुकडे विरघळवून घट्टसर द्रव केला आणि तो काडीने लावला. हे काम व्हरांड्यात, वारा असेल तिथे, आणि शिक्षकानेच करायचं. थिनरची वाफ वाईट असते आणि ती पेटतेही.

लोणारच्या काठावर

प्रमाण हा विषय पाठ्यपुस्तकात नकाशापुरता येतो. मुलं १ सेंमी = १० किमी असं लिहितात आणि विसरतात. या संचाने आम्हाला वेगळा मार्ग दाखवला. कथेतला गुंडाम १८ मीटर उंच. १८००० मिलिमीटर भागिले १४४, म्हणजे १२५ मिलिमीटर. साडेबारा सेंटिमीटर. मोजला, तेवढाच भरला. मग मुलं म्हणाली, याच प्रमाणात आपल्याकडच्या वस्तू करू.

नांदुऱ्याचा हायवेवरचा हनुमान १०५ फूट. बारा फुटांना एक इंच, म्हणजे पावणेनऊ इंच. मुलांनी पुठ्ठ्याचा कापून उभा केला. गुंडाम त्याच्या कमरेच्या थोडा वर आला, तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

मग कोणीतरी लोणार म्हटलं. विवराचा व्यास सुमारे १.८३ किलोमीटर. भागिले १४४, सुमारे १२.७ मीटर. दोरी आणि खुंटी घेऊन मैदानावर चुन्याने वर्तुळ काढलं. विवराचा काठ आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे, म्हणजे १४ सेंटिमीटर. तेवढा मातीचा बांध घातला. खोली दीडशे मीटर, म्हणजे एक मीटरहून जरा जास्त. तेवढं खणायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. बांधाशेजारी गुंडाम ठेवला तर तो बांधामागे झाकला गेला. लोणारला आमची मुलं सहलीला तीनतीनदा गेली आहेत. पण उल्का आदळून उडालेल्या मातीचा नुसता काठच एवढा असतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. माझ्याही.

खरी मजा वजनाची. कथेत गुंडामचं नुसतं वजन ४३.४ टन आणि सगळ्या सामग्रीसह ६० टन सांगितलं आहे. हे बरोबर आहे का? १.८ मीटर उंचीचा माणूस ७० किलोचा धरू. गुंडाम उंचीला त्याच्या दहा पट. दहा पट उंच, दहा पट रुंद, दहा पट जाड, म्हणजे आकारमान हजार पट. माणसाच्याच घडणीचा असेल तर वजन ७० टन. माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो. मग ६० टनांचा, पोलादापेक्षाही कठीण धातूचा म्हणवणारा हा योद्धा माणसापेक्षा हलका! त्याला लोणारच्या खाऱ्या पाण्यात टाकला तर तो बुडणार नाही, लाकडी ओंडक्यासारखा तरंगेल. हे गणित आठवीतल्या मुलांनी केलं. कथाकाराची चूक सापडल्याचा त्यांना झालेला आनंद मी कोणत्याही परीक्षेच्या निकालात पाहिलेला नाही.

आणि पाय? वजन हजार पट, पण पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभर पटच. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार दहा पट. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मोठ्या प्राण्याची हाडं नुसती लांब नव्हे तर बेढब जाड का लागतात हे सांगितलं आहे, ते हेच. मुलांनी विचारलं, खरोखर १८ मीटरचा केला तर उभा राहील का? केला आहे. जपानमध्ये योकोहामा बंदरावर डिसेंबर २०२० मध्ये हलणारा गुंडाम उभा केला होता, २०२४ च्या मार्चअखेरीपर्यंत तो होता. वजन सुमारे २५ टन. हात-पाय हलवायचा, गुडघे वाकवायचा. पण त्याच्या कमरेला मागून एका भक्कम मनोऱ्याचा आधार होता. स्वतःच्या पायांवर भार घेऊन तो चालत नव्हता.

गुडघा

आता आमच्या गुंडामच्या गुडघ्याकडे येतो. या संचाचे सांधे अगदी साधे आहेत: दोन टरफलांमध्ये एक खुंटी अडकवायची आणि टरफलं चिकटवायची. खुंटीला गोंद लागता कामा नये. मी व्हरांड्यात बसून, मोठ्या ऐटीत, ‘बघा, हात कसा स्थिर ठेवायचा’ असं सांगत डावा गुडघा जोडला. दुसऱ्या दिवशी तो वाकेना. द्रावक आत झिरपून खुंटी आणि टरफल एक झाले होते. जोर लावला. खुंटी मोडली. १९८० पासून शाबूत राहिलेली वस्तू मी एका मिनिटात मोडली.

नंतरच्या काळातल्या संचांत हा धोका नाही. सांध्यात मऊ प्लास्टिकच्या टोप्या आल्या, भाग रंगीत येऊ लागले, गोंदाशिवाय नुसते दाबून बसू लागले. १९९० च्या संचांपासून तर एकाच चौकटीत अनेक रंग येऊ लागले. ही साचेकामाची कमाल आहे. माझा विद्यार्थी त्यावर तासभर बोलू शकतो. आता ते संच कोणालाही सुंदर जोडता येतात. मला मात्र थोडी हुरहूर वाटते. अमेरिकेत ‘आयडियल’ कंपनीने १९६० साली ‘मिस्टर मशीन’ नावाचा यंत्रमानव काढला होता. पारदर्शक पोट, आत रंगीत दातेरी चाकं, आणि पाना घेऊन मुलाने पूर्ण खोलून पुन्हा जोडायचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा बाजारात आला तेव्हा खोलताच येत नव्हता. सुटे भाग लहान मुलांच्या घशात जातात ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण खोलता न येणारा मिस्टर मशीन ही मला एक उदास वस्तू वाटते.

आणि इथे तो काड्यांचा रोबो आठवतो.

१९९७ सालची गोष्ट असेल. मी नवाच होतो. एका प्रशिक्षणात अरविंद गुप्तांच्या काडेपेटीच्या काड्यांच्या ‘मेकॅनो’शी ओळख झाली होती. गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्याला टेल्कोत नोकरीला. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब दिसली. काडीचं टोक तिच्यात घट्ट बसतं आणि सांधा हवा तसा वाकतो. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चौकोन मात्र लगेच कलतो. पुढे पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे सगळं मुलांना दाखवलं, आणि एका मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी काड्या-ट्यूबचा फूटभर उंच रोबो केला. गुडघे त्रिकोणांनी बांधलेले, दोरी ओढली की पाय उचलायचा. काड्यांची टोकं काळी, एक हात लांब, एक आखूड. तो म्हणाला होता, ‘‘सर, दोन्ही सारखे केले तं दोरी वढताना आडवा पडते. म्हून एक लांब केला.’’

मी परीक्षक होतो. माझ्या हातातल्या तक्त्यावर सफाई, रंगसंगती, आकर्षकता असे रकाने होते. पहिला नंबर आला थर्मोकोलच्या चकचकीत रोबोचा. तो आतून रिकामा होता, हलत नव्हता आणि मला नंतर कळलं की विकत आणलेला होता. काड्यांच्या रोबोला मी शंभरपैकी ३८ गुण दिले. आखूड-लांब हातांसमोर मी ‘अप्रमाणबद्ध’ असं लिहिलं. हात तोल सांभाळण्यासाठी मुद्दाम वेगळे केले होते, हे मुलाने मला तोंडाने सांगितलं होतं. ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता आणि मी तो आखला नाही.

तो मुलगा दहावीनंतर शाळेत दिसला नाही. तालुक्याच्या स्टँडमागे आता त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. हे मला जपानहून डबा आणणाऱ्यानेच सांगितलं, दोघे एका बाकावर बसत. मी त्या रस्त्याने वीस वर्षं जात होतो.

मोडलेला गुंडाम रुमालात गुंडाळून मी त्याच्याकडे घेऊन गेलो. ओळखलं त्याने. उन्हात दुकानासमोर उभा होतो तर आत बोलावून स्टूल दिलं, चहा सांगितला. मी ३८ गुणांचं काढलं तर तो नुसता हसला. ‘‘सर, ते जाऊ द्या. हे काय आणलं?’’ त्याने चष्मा लावून गुडघा पाहिला. साच्याची रेघ नखाने चाचपली. आतल्या गोल खुणा बघून म्हणाला, ‘‘इथून ढकलला याला.’’ मोडलेल्या खुंटीच्या जागी त्याने वाइंडिंगच्या तांब्याच्या जाड तारेचा तुकडा बसवला, त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचं बोटाच्या पेराएवढं नळकांडं चढवलं, आणि टरफलात दाबलं. गुडघा वाकला आणि वाकवला तिथे थांबला. नवीन संचांतल्या मऊ टोप्या जे काम करतात तेच काम ट्यूबने केलं.

‘‘पण सर, हे रबर लय दिवस टिकत नाही. उन्हाळ्यात चिकट होते. वर्षाला बदलत जा.’’

गुंडाम आता प्रयोगशाळेच्या कपाटात उभा आहे, न रंगवलेला, डाव्या गुडघ्यात काळी पट्टी. ट्यूब मागच्या जूनमध्ये मुलांनी बदलली.